साईटला पुढचं दार एकच नसतं, ताई

पत्र असं आलंय: "भाऊ, आम्ही फैजपूरजवळच्या एका खेड्यातल्या अकरा बाया मिळून बचत गट चालवतो. केळीचे वेफर्स, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, काळा मसाला, कळण्याचं पीठ असं मिळून ३८ वस्तू होतात. मागच्या दिवाळीत भाच्याने वर्डप्रेसवर वेबसाईट करून दिली. दिसायला भलती चांगली आहे, पण गूगलवर आमचंच नाव टाकलं तरी येत नाही, आणि ज्यांना लिंक पाठवतो ते परत फोन करून विचारतात की ताई, मसाला कुठे आहे यात. आता एका माणसाचा फोन आला, १५ हजार द्या, १५ दिवसांत पहिल्या पानावर आणतो म्हणतो. देऊ का? का साईट मोडून पुन्हा करू?" (एक ताई, तालुका यावल)

ताई, आधी त्या १५ हजारांचं बोलू. देऊ नका. गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, मग हा भाऊ कोणाच्या भरवशावर १५ दिवस म्हणतोय ते त्यालाच माहीत. असे लोक बऱ्याचदा करतात काय, तर पानाच्या आतल्या कोडात ५०-६० शब्द कोंबून ठेवतात, आणि त्या कीवर्डच्या टॅगकडे, म्हणजे त्या लपवलेल्या शब्दांच्या यादीकडे, गूगल रँकिंगसाठी पाहतच नाही हे त्यांनी २००९ सालीच जाहीर करून टाकलंय. म्हणजे जी गोष्ट कोणी वाचत नाही ती लिहायचे तुम्ही पैसे देणार.

साईट मोडायची पण गरज नाही. काल रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसलो आणि तुमची सगळी साईट पालथी घातली. फोटो खरंच चांगले आहेत, बिबडे खाटेवर वाळत घातलेले आहेत तो फोटो पाहून तर मला आमच्या आजीचं अंगण आठवलं. भाच्याला रागवू नका, पोरगा हुशार आहे, फक्त त्याने साईट दिसावी कशी याचा विचार केला, सापडावी कशी याचा नाही केला.

सगळ्यात आधी एक पाच मिनिटांचं काम. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग नावाचं पान असतं, त्यात खाली एक टिक असते, सर्च इंजिनांनी ही साईट घेऊ नये अशा अर्थाची. साईट अर्धवट असताना लोक ती मुद्दाम लावतात, कच्चं काम कोणाला दिसू नये म्हणून, आणि मग काढायची विसरतात. तुमच्याकडे तेच झालंय, मी पानाचा सोर्स, म्हणजे आतलं कोड, उघडून पाहिला तर त्यात नोइंडेक्स, म्हणजे 'यादीत घेऊ नका', लिहिलेलं सापडलं. म्हणजे माल मांडून झाला, दिवा लावला, आणि बाहेरची 'दुकान बंद' ची पाटी तशीच राहिली. ती टिक काढायला सांगा आजच. मग काही दिवसांनी गूगलमध्ये इंग्रजीत साईट हा शब्द टाकून, त्याला चिकटून कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या साईटचा पत्ता टाकून पाहा, गूगलकडे तुमची कोणकोणती पानं गेलीत त्याचा अंदाज येतो. आज तिथे शून्य आहे.

पण टिक काढली की संपलं असं नाही ना, कारण फोन करून मसाला विचारणाऱ्या बाईला त्या टिकेचा काय त्रास होता? तिच्या हातात तर लिंक होती. तिला साईटवर येऊनही मसाला सापडला नाही. आणि मला तुम्हाला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं, की ज्या रस्त्याने गिऱ्हाईक चालतं त्याच रस्त्याने गूगल पण चालतं, त्याला वेगळा रस्ता नाही. त्याचा प्रोग्राम एका पानावर येतो, तिथल्या लिंका पाहतो, त्या धरून पुढच्या पानावर जातो, वाचतो, नोंद करून ठेवतो, परत पुढे. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल काढलं तेव्हा मूळ कल्पनाच ही होती की कोणतं पान किती कामाचं ते त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ओळखायचं. आता त्यात शंभर गोष्टींची भर पडली असली तरी लिंकेवरून लिंकेवर चालायची सवय तीच आहे. मग जिथे लिंकच जात नाही तिथे तो जाणार कसा, आणि तुमचं गिऱ्हाईक तरी कसं जाणार.

आता तुमच्याकडे काय आहे ते सांगतो. वर मेनूत १४ नावं आहेत, होम, अबाऊट, प्रॉडक्ट्स, सर्व्हिसेस, गॅलरी, टीम, मिशन, असं करत करत शेवटी 'मोअर'. त्यातल्या प्रॉडक्ट्सवर दाबलं की एकाच लांबलचक पानावर ३८ फोटो, आणि फोटोवर बोट ठेवलं की छोटी खिडकी उघडते, तिच्यात भाव आणि वजन, तेही पॅम्प्लेटच्या फोटोत छापलेलं. म्हणजे ताई, तुमच्या काळ्या मसाल्याला स्वतःचं पानच नाही. पत्ताच नाही त्याला. पुण्यातली एखादी आपल्याकडची बाई रात्री अकराला गूगलवर 'खान्देशी काळा मसाला' टाकते तेव्हा गूगलने दाखवावं तरी काय? त्याला तुमच्याकडे फक्त प्रॉडक्ट्स नावाचं एक पान दिसतं आणि त्यावर ३८ चित्रं, ज्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेले आकडे.

अशा वेळी सगळे दुकानाची उपमा देतात, की साईट म्हणजे दुकान, होमपेज म्हणजे शटर. मला ती उपमा अर्धीच पटते. दुकानाला दार एक असतं, गिऱ्हाईक समोरून येतं, गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारतं. साईटवर तसं होत नाही. गूगलवरून येणारं माणूस होमपेजवर येईलच असं नाही, ते थेट बिबड्यांच्या पानावर उतरतं, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकेतून मसाल्यावर येतं, कोणी पाकिटावरचा क्यूआर स्कॅन करून वेफर्सवर. त्यापेक्षा आठवडे बाजार म्हणा, चारी गल्ल्यांतून लोक येतात आणि कोणीही कोणत्याही कोपऱ्यातून आत शिरला तरी त्याला कळलं पाहिजे की आपण कुठे आलो, हे काय आहे, आणि मिरची कोणत्या बाजूला. तुमचं प्रत्येक पान हे पुढचं दार आहे असं धरून चाला, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

हे मला शहाणपण म्हणून सुचलेलं नाही, मार खाऊन कळलंय. माझं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्याची साईट मीच केली होती आणि मेनू कॅटलॉग पाहून लावला होता, कंपनीवार आणि मग त्यात फिटिंग्ज, ॲक्सेसरीज, फिल्ट्रेशन. मला वाटलं काय पद्धतशीर काम केलंय. पण शेतकरी फोन करून विचारायचे, भाऊ ती नळीच्या शेवटी लावायची टोपी आहे का तुमच्याकडे. एंड कॅप होती साईटवर, चांगली १२ प्रकारची होती, पण ती फिटिंग्जच्या पोटात आणि त्यातही कंपनीच्या पोटात. शेतात लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, गळतेय, पाणी वाया चाललंय, तो माणूस कंपनी कुठे आठवत बसेल. मी साईट लावली होती माझ्या गोदामाच्या मांडणीप्रमाणे, त्याच्या अडचणीप्रमाणे नाही. मग सगळं मोडून 'नळी गळते', 'फिल्टर चोकअप होतो', 'खत सोडायचं' अशी नावं दिली आणि फोन कमी झाले, म्हणजे विचारणा करणारे कमी झाले, ऑर्डरचे नाही.

म्हणून तुम्हाला पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाही देत. दुपारी काम आटोपल्यावर सगळ्या बाया बसा, गटाचा व्हॉट्सॲप उघडा आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी काय काय विचारलं ते एकेक चिठ्ठीवर लिहा. जसं विचारलं तसंच लिहायचं, सुधारून नाही. 'उपवासाला चालतं का', 'मुंबईला पाठवता का', 'मसाला तिखट आहे का', 'पापडात सोडा आहे का', 'कळण्याचं पीठ किती दिवस टिकतं'. ३८ वस्तूंच्या पण ३८ चिठ्ठ्या करा. मग त्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि सारख्या सारख्या एकत्र ठेवा. एक अट, हे दोनदा करायचं, एकदा तुम्ही आणि एकदा तुमच्या गटात नसलेल्या दोन-तीन बायांना बसवून, शेजारच्या चालतील, भुसावळला दिलेली कोणाची तरी लेक आली असेल तर तिला पण बसवा. तेव्हा मध्ये बोलायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं पाहायचं.

मी पैज लावून सांगतो, दोन्ही ढीग वेगळे निघतील. तुम्ही पापड, बिबडे, कुरडया एकत्र ठेवाल आणि नाव द्याल उन्हाळी काम, कारण तुमच्यासाठी ते चैत्र-वैशाखातलं काम आहे, पहाटे उठून घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत थापायचं. पण विकत घेणारीला तुमच्या उन्हाशी काय घेणं, ती म्हणेल तळायचं-भाजायचं. तुम्ही वेफर्स वेगळे ठेवाल कारण त्यांना तुमच्याकडे मोठं गिऱ्हाईक आहे, ती ते उपवासाच्या ढिगात टाकेल. तिचा ढीग खरा धरायचा. मनाला लागतं थोडं, पण साईट तिच्यासाठी आहे.

आता वेफर्सचं तुम्ही विचाराल, की भाऊ ते उपवासात पण बसतात आणि तयार खाऊमध्ये पण बसतात, मग दोन पानं करायची का? नाही. वस्तूचं पान एकच, त्याच्याकडे येणारे रस्ते दोन. उपवासाच्या पानावरून पण त्याच वेफर्सच्या पानावर लिंक आणि तयार खाऊच्या पानावरून पण त्याच पानावर. तुमच्याकडे आत्ता उडदाच्या पापडाची माहिती दोन ठिकाणी आहे, एक ब्लॉगमध्ये आणि एक प्रॉडक्ट्सखाली, आणि दोन्हीकडचा भाव वेगळा आहे ताई! एकीकडे जुना राहिला. गिऱ्हाईक गोंधळतं आणि गूगलला पण दोनातलं कोणतं खरं ते आपल्या मनाने ठरवावं लागतं. एक ठेवा, दुसरं त्याच्यावर वळवून टाका.

ढीग झाले की साईटचा सांगाडा तयारच झाला समजा. होमपेज, त्याखाली पाच-सहा ढिगांची पानं, त्यांच्याखाली एकेका वस्तूचं पान. बस. ३८ वस्तूंना याहून खोल जायची गरजच नाही. कोणी तुम्हाला सांगेल की कोणतीही गोष्ट तीन क्लिकमध्ये मिळालीच पाहिजे असा नियम आहे, तर तसा काही कायदा नाही, माणूस चार वेळा पण दाबतो जर प्रत्येक वेळी त्याला वाटत असेल की बरोबर चाललोय. कंटाळतो तो कधी, जेव्हा दाबायच्या आधी विचार करावा लागतो की यात असेल का त्यात असेल.

आणि म्हणून नावं. 'प्रॉडक्ट्स' हे नाव काढून टाका हो, त्यातून काहीच कळत नाही, ट्रॅक्टरवाल्याच्या साईटवर पण प्रॉडक्ट्सच असतं. मेनूतच लिहा, पापड-बिबडे, मसाले, पिठं, केळीचे वेफर्स, उपवासाचं. आणि एक 'ऑर्डर व डिलिव्हरी', एक 'आमचा गट'. मिशन, टीम, गॅलरी हे सगळं त्या आमच्या गटात टाका, गॅलरी पाहायला कोणी पीठ घ्यायला आलेलं थांबत नाही. तुमचा अभिमान आहे तो, कळतंय मला, अकरा बायांनी उभं केलंय, पण तो वस्तूच्या पानावर एका ओळीत जास्त चांगला दिसतो, की हा मसाला कोण आणि कसा भाजतं.

नावाची आपल्याकडे अजून एक गंमत आहे. खान्देश कोणी अर्धा न लावून लिहितं, कोणी खानदेश लिहितं, बिबडे कोणी बिबडी म्हणतं, आणि अर्धी पोरं मराठी शब्द इंग्रजी अक्षरात टाइप करतात. गूगलला यातलं बरंच कळतं आता. तरी पानाच्या टायटलमध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत पानाचं जे नाव दिसतं त्यात, एक नीट नाव ठेवा आणि खाली माहिती लिहिताना दुसरं रूप सहज एकदा येऊ द्या, इंग्रजी अक्षरातलं नाव पण एकदा. एकदा म्हणतोय मी. तीच तीच नावं २० वेळा कोंबली तर वाचणाऱ्याला पण येडं वाटतं आणि गूगल त्याला फसवाफसवी धरतं.

प्रत्येक वस्तूच्या पानावर काय पाहिजे ते त्या चिठ्ठ्यांतच आहे. टायटलमध्ये वस्तूचं नाव आणि तुमचं नाव, म्हणजे 'ज्वारीचे बिबडे' आणि पुढे गटाचं नाव. तुमच्या सगळ्या पानांचं टायटल आत्ता एकच आहे, 'होम', ते गूगलच्या यादीत किती विचित्र दिसेल पाहा. मग मोठ्या अक्षरात मथळा, फोटो, वजन, भाव, मिळतं का नाही, आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं साध्या वाक्यात. कळण्याच्या पिठाखाली लिहा की यात ज्वारी आणि उडीद किती प्रमाणात, भाकरी थापताना पाणी कसं, सोबत ठेचा आणि भरीत कसं लागतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, जळगावच्या केळीला पण त्याच वर्षी, बाहेरच्या लोकांना या दोन गोष्टी ऐकून माहीत असतात, त्यावरून ते तुमच्या पिठापर्यंत आणि वेफर्सपर्यंत येऊ शकतात. पण लिहायचं ते खरं, वेफर्सची केळी आपल्या शिवारातली असली तरच.

हे सगळं टाइप केलेलं पाहिजे, फोटोत नाही. पॅम्प्लेटच्या फोटोतली अक्षरं गूगल वाचेलच या भरवशावर बसू नका, आणि मोबाईलवर ती माणसालाही वाचता येत नाहीत, मला चिमटीने मोठं करून करून डोळे दुखले. फोटोला मागून एक वर्णन देता येतं, त्यात 'खाटेवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे' असं साधं लिहा. आणि ते 'अबाऊट' चं पान! ते डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टातून उचलून चिकटवलंय ना? त्याच्या कॉम्प्युटरवर ते मराठी दिसतं, माझ्या मोबाईलवर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, आणि गूगलला पण तेच दिसणार. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावं लागेल, म्हणजे आपण मोबाईलवर मराठी टाइप करतो तेच. फोनवर बोलून पण टाइप होतं आता, गटातल्या कोणीतरी तासाभरात करेल.

आता आडवे रस्ते. भुसावळला जंक्शन का म्हणतात, तर मुंबईहून आलेली गाडी तिथून नागपूरकडे पण जाते आणि खंडवा-इटारसीकडे पण. नुसती वरून खाली जाणारी साईट असली की माणसाला दर वेळी परत होमवर जाऊन दुसरीकडे उतरावं लागतं. बिबड्यांच्या पानावर वाचता वाचता एक लिंक पाहिजे उडदाच्या पापडाची, कळण्याच्या पिठावर मसाल्याची आणि ठेच्याची, कारण ते लोक ताटात एकत्रच खातात. आणि लिंकेवर 'इथे क्लिक करा' लिहू नका, काय आहे ते लिहा, 'काळ्या मसाल्याचे भाव'. वाचणाऱ्यालाही कळतं आणि गूगलही त्या शब्दांवरून समजतं की पलीकडचं पान कशाबद्दल आहे. फक्त ती लिंक खरी लिंक पाहिजे, बोट ठेवल्यावर स्क्रिप्टने खिडकी उघडणारी नको, ती धरून गूगलला पुढे जाता येत नाही. भाच्याला 'एचआरेफ असलेली लिंक' म्हणा, त्याला कळेल.

आणि पानाच्या वर एक बारीक ओळ पाहिजे, होम, मग पापड-बिबडे, मग ज्वारीचे बिबडे. याला ब्रेडक्रम्ब म्हणतात, म्हणजे पावाचा चुरा, पण मला तं ती एसटीची पाटी वाटते. भुसावळ, फैजपूर, सावदा, रावेर. मध्येच चढलेल्याला पण पाटी पाहून कळतं की गाडी कुठून आली, कुठे चालली आणि आपण कुठे आहोत. थेट बिबड्यांवर उतरलेल्या बाईला त्या ओळीवरून एक पायरी मागे जाऊन बाकीचे पापड पाहता येतात. गूगल पण कॉम्प्युटरवरच्या निकालात कधी कधी पत्त्याच्या जागी तीच ओळ दाखवतं, त्यासाठी थोडं कोड टाकावं लागतं, ते प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं तयार सॉफ्टवेअर, करून देतं.

पत्त्याचं जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्या पाकिटांवर क्यूआर छापलेला आहे. तुमच्या पानांचे पत्ते आत्ता प्रश्नचिन्ह, पी, बरोबर, १२७ असे आहेत. ते नावाचे करा. मराठीत केले तरी चालतात, गूगलला काही अडचण नाही, पण व्हॉट्सॲपवर कॉपी करून चिकटवताना मराठी अक्षराचं टक्क्यांच्या खुणांत रूपांतर होतं, एका अक्षराचे किंवा मात्रेचे ९ चिन्हं, म्हणजे नुसतं 'केळी' लिहिलं तरी क, मात्रा, ळ, वेलांटी मिळून ३६ चिन्हांची माळ. लोकांना वाटतं व्हायरसची लिंक आली. म्हणून पत्ता इंग्रजी छोट्या अक्षरात, दोन शब्दांमध्ये आडवी रेघ, खालची अंडरस्कोर नाही, गूगलच रेघ वापरा म्हणतं. पण पत्ता बदलला की जुना मरतो, आणि पाकिटावरचा क्यूआर जुन्या पत्त्यावर नेतो, मग वेफर्स खाऊन खूश झालेलं गिऱ्हाईक परत ऑर्डर द्यायला येतं आणि त्याला 'पान सापडलं नाही' दिसतं. म्हणून आधी छापलेला क्यूआर कोणत्या पत्त्यावर नेतो ते पाहा, आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ वळण लावून घ्या, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी माणूस आपोआप नव्या पानावर जातो. भाचा म्हणेल करू नंतर. नंतर नाही, त्याच दिवशी. मी एका ओळखीच्यांच्या रोपवाटिकेची साईट बदलताना हे विसरलो होतो, रोपं बुक करायच्या ऐन हंगामात त्यांचा फोन महिनाभर थंड राहिला आणि मी कितीतरी दिवस त्या रस्त्याने जायचं टाळत होतो.

तसंच सणाचं. 'दिवाळी ऑफर', 'आखाजी ऑफर' अशी दर वर्षी नवी पानं टाकायची नाहीत, एकच 'सणाच्या ऑर्डरी' पान ठेवा, पत्ता तोच, मजकूर बदलत जा. त्याच्याकडे वर्षानुवर्षं आलेल्या लिंका त्याच्यापाशीच राहतात. आणि पावसाळ्यात बिबडे संपले की पान डिलीट करू नका! लिहा, 'यंदाचे संपले, नवे उन्हाळ्यात, नाव नोंदवा' आणि खाली पापडाची लिंक. बिबडे आवडणारा माणूस तर त्या पानावर आलाय ना, त्याला रिकामं का पाठवायचं.

मोबाईलचं थोडक्यात. तुमची लिंक उघडणारे बहुतेक लोक मोबाईलवरच उघडणार. गूगलने पण २०१६ मध्ये सांगितलं की आम्ही मोबाईलवर दिसणारी साईट मुख्य धरणार आणि २०२३ पर्यंत ते बदलून टाकलं, म्हणून कॉम्प्युटरवर दिसतं आणि मोबाईलवर लपवलंय असं काही ठेवू नका. तुमचे फोटो थेट फोनमधून चढवलेत, एकेक ४-५ एमबीचा, आणि एका पानावर ३८. गूगलची अपेक्षा असते की पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी, माझ्याकडे तेवढ्यात नुसता गोल फिरत होता. फोटो लहान करून टाका. ते पान उघडताच 'सबस्क्राईब करा' म्हणून समोर येणारं पण काढा, पीठ घ्यायला आलेल्या बाईने काय सबस्क्राईब करायचं.

भाच्याने ६० टॅग, म्हणजे विषयाची लेबलं, केलेत, पापड, पापडं, उडीद पापड, टेस्टी पापड. वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं एक वेगळं पान बनवतं, म्हणजे ६० पोकळ पानं. दोन-चार ठेवून बाकी उडवा. वर्डप्रेसचं मूळचं 'सॅम्पल पेज' आणि 'हॅलो वर्ल्ड' पण अजून तसंच आहे, ते पण.

हे सगळं झालं की गूगल सर्च कन्सोल नावाचं फुकट खातं उघडा आणि तिथे साईटमॅप द्या. साईटमॅप म्हणजे तुमच्या पानांची यादी, वर्डप्रेस २०२० पासून ती स्वतःच बनवतं, फक्त ती टिक असेपर्यंत बनवत नाही. एका यादीत ५० हजार पत्ते मावतात, तुमचे ५० होतील, तेव्हा त्याचं टेन्शन नाही. यादी दिली म्हणजे सगळी पानं घेतली जातीलच असं नसतं. तिथे 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ गूगल येऊन वाचून गेलं पण अजून घेतलं नाही, बऱ्याचदा ते पान पोकळ असतं, दोन ओळींचं, त्यात चिठ्ठ्यांवरची उत्तरं भरा. त्याच कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते शब्द दिसतात, त्यांच्या पण चिठ्ठ्या करायच्या. किती दिवस लागतील ते मी नाही सांगणार, काही आठवडे धरून चला. गटाचं गूगल बिझनेस प्रोफाईल पण करा, फैजपूर-सावद्याकडून जाणाऱ्याला नकाशात दिसायला तेच कामाला येतं.

आणि ते १५ हजार वाचलेत त्यातले थोडे भाच्याला द्या, पोराने फुकट केलंय सगळं.

कळण्याचं पीठ मला पण पाहिजे दोन किलो. काल रात्री घ्यायला निघालो होतो, पण जळगावला पाठवता का, किती घेता, पैसे कुठे भरायचे, यातलं काहीच सापडलं नाही, मेनूतल्या चौदाही नावांवर दाबून पाहिलं. ते 'ऑर्डर व डिलिव्हरी' चं पान झालं की कळवा, फोन नाही करणार मी, साईटवरूनच टाकतो ऑर्डर.